पश्चिमेची बाल्कनी, चार दिवसांआडचं पाणी : प्रकल्प नोंदी

२१ जानेवारी

जागा: जुळे सोलापूर, तिसरा मजला. बाल्कनी नऊ फूट बाय चार फूट, तोंड थेट पश्चिमेला. समोर अजून मोकळा प्लॉट असल्याने दुपारी एकपासून दिवस मावळेपर्यंत ऊन अडवायला काही नाही. नळाला पाणी चार दिवसांआड, मधल्या काळात इमारतीची बोअर.

झाडांची यादी करण्याआधी या दोन गोष्टी लिहून ठेवते, कारण पुढचा प्रत्येक निर्णय यांनीच ठरणार आहे. पुण्याकडचे बाल्कनी बागेचे सल्ले आमच्याकडे होळीपर्यंत चालतात. त्यानंतर सोलापूरचं ऊन सुरू होतं.

पहिलं काम वजनाचं. आमच्याच इमारतीत राहणाऱ्या एका सिव्हिल इंजिनियर काकांना वर बोलावलं. राहत्या घराच्या बाल्कनीसाठी भारतीय मानकात चौरस मीटरला ३ किलोन्यूटन, म्हणजे साधारण ३०० किलो भार धरतात, असं ते म्हणाले. पण बाल्कनी भिंतीतून बाहेर आलेली असते, त्यामुळे जड कुंड्या भिंतीकडे आणि हलक्या कठड्याकडे ठेवायच्या. कठड्याच्या बाहेर लटकणाऱ्या कुंड्यांना त्यांनी साफ नकार दिला. वाऱ्यात एक निसटली तर खाली मुलं खेळत असतात. तो विषय तिथेच बंद केला.

सेक्रेटरींना तोंडी विचारून ठेवलं. "पाणी खाली गळता कामा नये" एवढीच अट.

२ फेब्रुवारी

बारा इंची ग्रो बॅग (झाडं लावायच्या पिशव्या) दहा आणल्या, नग ६० रुपये. हे गावाकडून येताना दोन पोती काळी माती गाडीत घालून घेऊन आले. फुकटची माती, तीही मंगळवेढ्याची. तिथल्या रानात नुसत्या जमिनीतल्या ओलीवर ज्वारी उभी राहते, मग कुंडीत का नाही चालणार, असा हिशोब.

सासूबाईंनी पोतं उघडलेलं पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, रानातली माती रानातच बरी. कुंडीत कोंडलीस तर दगड होतीय तिचा." तरी दोन बॅगा त्या मातीने भरून पाहतेय. भरलेली ओली बॅग दोघांनाही सरकवता येईना. बारा इंची बॅगेत वीस लिटरच्या आसपास माती बसते आणि काळी माती ओली झाली की एक बॅग तीस किलोच्या वर जाते.

११ फेब्रुवारी

सासूबाई बरोबर निघाल्या. पाण्याला दोन दिवस खंड पडला आणि माती आक्रसली. बॅगेच्या कडेने बोट जाईल एवढी फट पडली आहे. वरून तांब्याभर पाणी घातलं की ते त्या फटीतून सरळ खाली जातं आणि ताटलीत येतं. पाहणाऱ्याला वाटतं झाडाला पाणी पोचलं. मधला गोळा खुरप्याने फोडला तर आत कोरडा ठणठणीत. मेथी उगवून जागच्या जागी वाळली.

रानात या मातीला कितीतरी फूट खोली असते, वरच्या भेगांखाली ओल धरलेली असते. फूटभर खोल पिशवीत ती खोली कुठून आणायची? माती परत पोत्यात भरली. उन्हाळ्यात गावी जाईल.

१८ फेब्रुवारी

नवं मिश्रण: तांबडी माती दोन घमेली, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) दीड घमेलं, गांडूळखत एक घमेलं आणि बॅगेमागे दोन मुठी निंबोळी पेंड. तांबडी माती विजापूर रोडवरच्या नर्सरीतून, पोतं १०० रुपये, सहा पोती. कोकोपीटच्या पाच किलोच्या विटा दोन, एकीला २४०. गांडूळखत ४० किलो, ७२० रुपये. पेंड पाच किलो, २५०.

कोकोपीटबद्दल दोन गोष्टी. एक, ते धुवून घ्यायचं. स्वस्तातल्या विटेत क्षार असतात. टबात भिजवलं की चहासारखं तपकिरी पाणी सुटतं, ते काढून टाकून पुन्हा एकदा भिजवायचं. याला पाणी बरंच लागतं, म्हणून हे काम नळाच्या दिवशीच काढावं. निघालेलं पाणी संडासात वापरलं, वाया घालवलं नाही. दुसरी गोष्ट, नुसतं कोकोपीट किंवा त्याचं प्रमाण जास्त असलेलं मिश्रण आमच्या हवेत टिकत नाही. एकदा पूर्ण सुकलं की ते पाणी घेतच नाही, वरून घातलेलं पाणी मोत्यासारखं घरंगळतं. म्हणून माती थोडी जास्त ठेवली.

अशी भरलेली ओली बॅग वीस किलोच्या आत बसते. एकटी सरकवू शकते.

वर आच्छादन उसाच्या पाचटाचं. आपल्या जिल्ह्यात ऊस इतका की पाचटाला पैसे मोजायची गरज नाही, ओळखीच्या शेतकऱ्याकडून गोणीभर आणलं. कात्रीने बोटभर लांबीचे तुकडे करून दोन इंचाचा थर दिला. तुकडे न करता घातलेलं पाचट वाऱ्याने उडून दिवाणखान्यात येतं.

१ मार्च

लागवड: टोमॅटो तीन, मिरची दोन, कडीपत्ता, मोगरा दोन, पुदिना, तुळस, जास्वंद. एका उथळ टबात कोथिंबीर. नर्सरीवाले म्हणाले, "ताई, टोमॅटोला उशीर झालाय." रोपं तजेलदार दिसत होती, घेतली.

१७ मार्च

पुदिन्याच्या आणि जास्वंदीच्या पानांच्या कडा करपल्यासारख्या तपकिरी. ग्रो बॅगच्या बाहेरून, शिवणीच्या भोकांपाशी पांढरी पूड जमली आहे. बोटाने चाटून पाहिली, खारट-तुरट लागली. बोअरचे क्षार.

२५० रुपयांचं टीडीएसचं, म्हणजे लिटरभर पाण्यात किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत ते दाखवणारं पेन आणलं आणि घरातलं सगळं पाणी मोजून काढलं. नळाचं ३२० च्या आसपास. बोअरचं अकराशेच्या पुढे. आरओच्या फिल्टरमधून वाया जाणारं पाणी बोअरपेक्षाही जास्त, कारण गाळलेल्या पाण्यातले क्षार त्यातच उतरतात. ते पाणी बऱ्याच घरांत "वाया कशाला घालवायचं" म्हणून कुंड्यांना जातं. फरशी पुसायला वापरा, झाडांना नको.

सगळ्यात वाईट आकडा कूलरच्या टाकीचा. कूलरमधलं पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, वर पुन्हा बोअरचंच पाणी भरलं जातं. आठवडाभरात ते इतकं दाट झालं होतं की पेनचा आकडा अडीच हजारांच्या पुढे गेला. सोलापुरात घरोघरी कूलर आहे आणि टाकी धुतल्यावर ते पाणी सहज कुंडीत ओतलं जातं. कृपा करून ओतू नका. याउलट एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी जवळजवळ क्षारमुक्त असतं, हवेतली वाफच ती. ते बादलीत धरून मोगऱ्याला आणि कडीपत्त्याला देते आहे.

ठरवलेली पद्धत: झाडांना शक्यतो नळाचंच पाणी. नळाच्या दिवशी दोन झाकणाच्या ड्रममध्ये बागेचा वेगळा साठा. महिन्यातून दोनदा, पाणी आलं की प्रत्येक बॅगेला खालून भरपूर निचरा होईपर्यंत पाणी द्यायचं, म्हणजे साठलेले क्षार धुऊन जातात.

२९ मार्च

आता मुख्य काम. नळ चार दिवसांआड आणि आम्ही दोघं दिवसभर कामावर. दुपारच्या उन्हात बारा इंची बॅग एका दिवसात सुकते. सकाळी सहाला पाणी दिलं तरी संध्याकाळी पुदिना मान टाकतो. त्यामुळे बादलीखाली साठा करून वातीने पाणी वर ओढायची रचना केली. कशी, ते सविस्तर लिहिते.

भंगारवाल्याकडून रंगाच्या वीस लिटरच्या रिकाम्या बादल्या, जोडी १४० रुपये. घासून घासून धुतल्या. एक बादली दुसरीत बसवली की दोन्हींच्या तळात जेमतेम दोन-तीन इंच जागा राहते. ती पुरत नाही, म्हणून खालच्या बादलीत अर्ध्या विटेचे दोन तुकडे ठेवले आणि वरची त्यावर टेकवली. आता खाली पाच-सहा लिटर पाणी मावतं. वरच्या बादलीच्या तळाला तापवलेल्या सळईने भोकं पाडली. मधल्या दोन भोकांतून वाती खाली सोडल्या. कडेने एक इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा उभा बसवला, त्यातून खाली पाणी भरायचं. आणि खालच्या बादलीला, वरच्या बादलीच्या तळाच्या थोडं खाली, एक भोक बाहेरच्या बाजूने. हे भोक विसरू नका. साठा जास्त झाला की पाणी तिथून बाहेर पडतं, नाहीतर मुळं पाण्यात बुडून कुजतात. पाइप धरून एका जोडीचा खर्च १७० रुपये, अशा पाच केल्या.

वातींसाठी घरातले जुने टर्किश टॉवेल फाडले. सोलापूरच्या घरात जुन्या टॉवेलांना काय तोटा! पहिली वात बोटभर रुंद आणि सरळ उभी ठेवली होती. दुसऱ्या दिवशी हात घालून पाहिलं तर तळाची माती ओली, वरची कोरडी. मग तीन बोटं रुंदीच्या दोन वाती घेतल्या आणि मातीत अर्ध्या उंचीपर्यंत गोल फिरवत नेल्या. शिवाय सुरुवातीला वरून पाणी घालून सगळी माती एकदा पूर्ण भिजवली. कोरड्या मातीत वात पाणी ओढतच नाही. आता वरचा थर सकाळी हाताला गार लागतो.

पाइपच्या तोंडाला आणि बाहेरच्या भोकाला मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा रबराने आवळला. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो.

१२ एप्रिल

खालच्या मजल्यावरच्या अक्का वर आल्या. "काय ओ ताई, कुरडया घातलेल्या माझ्या, सगळ्यांवर लाल पाणी पडलंय बघा." खाली गेले. प्लास्टिकवर पांढऱ्याशुभ्र कुरडयांच्या रांगा आणि त्यांवर तांबड्या मातीचे ओघळ. क्षार धुण्याच्या दिवशी बॅगांतून निघालेलं पाणी बाल्कनीच्या उताराने कठड्याखालच्या फटीतून खाली गेलं होतं. सेक्रेटरींची एकच अट होती, तीच मोडली. गहू तीन दिवस भिजवून चीक काढायचा, शिजवायचा, पहाटे उठून घालायच्या. त्या मेहनतीची भरपाई पैशात होत नाही. माफी मागितली आणि पुढच्या घाण्याला त्यांच्याबरोबर बसले.

त्याच दुपारी ४५० रुपयांच्या खोल ताटल्या आणल्या, प्रत्येक बॅगेखाली दोन विटा आणि त्याखाली ताटली. विटांचा आणखी एक फायदा झाला. दुपारी बाल्कनीची फरशी पाय ठेवू देत नाही, तो चटका आता बॅगेच्या तळाला थेट लागत नाही. कठड्याखालच्या फटीत सिमेंटचा छोटा बांध घालून पाणी बाथरूमच्या बाजूच्या निचऱ्याकडे वळवलं. क्षार धुण्याचं काम आता एका वेळी दोनच बॅगा आणि तेही खाली विचारून.

अक्कांनी जाताना अंबाडीचं बी दिलं, त्यांच्या तेलुगूत पुंटिकूरा. "उन्हाळ्यात हेच येतंय, बाकीचं सोडा." रिकाम्या झालेल्या कोथिंबिरीच्या टबात टाकलं. कोथिंबीर उगवलीच नव्हती, तिला गार माती लागते.

२० एप्रिल

हिरवी शेडनेट, ५० टक्क्यांची, म्हणजे निम्मं ऊन अडवणारी. नेट, दोरी, हुक आणि ठोकणाऱ्याची मजुरी धरून ७८०. दुपारी बारा ते सहा खाली, संध्याकाळी वर गुंडाळायची. ग्रो बॅगच्या पश्चिमेकडच्या बाजूला गोणपाट गुंडाळलं, कारण ऊन पानांपेक्षा आधी बॅगेच्या भिंतीला तापवतं आणि मुळं त्या भिंतीलाच लागून असतात. दुपारी तीनला बॅगेवर हात ठेवून पाहा, कळेल.

अंबाडी चार दिवसांत वर.

५ मे

पारा ४३ च्या वर. टोमॅटो उपटले. गेला महिनाभर फुलं येत होती आणि देठाशी पिवळी पडून गळत होती. खत कमी पडलं म्हणून मी गांडूळखत वाढवलं, त्याने नुसता पाला वाढला. कारण उष्णतेचं आहे. दिवसा ३५ च्या वर आणि रात्रीही गारवा नसला की टोमॅटोचे परागकण काम करत नाहीत, फळ धरत नाही. आपल्याकडे टोमॅटोचं रोप पावसाळ्यात किंवा पावसाळा सरता लावावं. दोन महिन्यांचं पाणी त्या तीन झाडांनी घेतलं, याचं वाईट वाटतं.

मिरचीचीही फुलं गळताहेत, पण झाड धट्टंकट्टं आहे. ठेवली.

मोगरा मात्र या उन्हाचाच. एसीच्या पाण्यावर आणि निंबोळी पेंडीवर दोन्ही झाडं कळ्यांनी लगडली आहेत. संध्याकाळी सासूबाई वाटीभर कळ्या काढतात. अंबाडीची पहिली खुडणी झाली, तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या घालून भाजी, वर लसणाची फोडणी. एक जुडी खाली अक्कांकडे.

वातीच्या बादल्या मार्चात चार दिवस काढत होत्या, आता दोनच. साठ्याच्या ड्रममधून मध्ये एकदा भरावं लागतं.

१४ मे

वळीव. धूळ, वारा, मग टपोरे थेंब, वीस मिनिटांत संपलं. नेट दोन ठिकाणी फाटली. प्लास्टिकच्या केबल टाय उन्हाने ठिसूळ होऊन तुटल्या आणि सुटलेलं टोक फडफडून चिरत गेलं. दुरुस्ती: नेटची कड दोरीवरून दुमडून सुतळी दाभणाने शिवून घेतली, म्हणजे ओढ एका भोकावर न येता सगळ्या कडेवर येते. खाली हुक, आभाळ भरून आलं की नेट सोडायची. नवा तुकडा, सुतळी आणि हुक मिळून २६०.

२६ मे

जास्वंदीच्या पानांवर बारीक फिकट ठिपके, मागच्या बाजूला धुळीसारखं काही आणि अगदी तलम जाळं. पांढऱ्या कागदावर पान झटकलं तर ती धूळ चालायला लागली. लाल कोळी. कोरड्या, तापलेल्या हवेत हा झपाट्याने वाढतो. संध्याकाळी पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा, एक दिवसाआड. शेवटी लिटरला पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडं साबणाचं पाणी, दिवस मावळल्यावरच. उन्हात तेल फवारलं तर पानं भाजतात. आठवड्याने नवी पालवी स्वच्छ आली.

२२ जून

पाऊस बऱ्यापैकी लागला. बॅगांवरची पांढरी पूड धुऊन गेली, पानांच्या करपलेल्या कडा नव्या पानांवर दिसत नाहीत. मिरचीला फळ धरलं.

पुदिना मात्र एकदम पिवळा. बादली उचकटून पाहिली तर खाली पाणी भरलेलं आणि वात मधोमध कुजून तुटलेली. सुती टॉवेल ओल्या मातीत तीन महिन्यांच्या आतच गेला. आता मायक्रोफायबरच्या जुन्या फडक्यांच्या पट्ट्या घातल्या आहेत. पाणी तेवढंच चढतं आणि कुजत नाहीत. पाचही बादल्या रिकाम्या करून पुन्हा भरण्यात अख्खा रविवार गेला. सुरुवात करणाऱ्यांनी पहिल्यापासूनच सुती कापड टाळावं.

१० ऑगस्ट

कबुतरं. पालकाची कोवळी रोपं एका सकाळी साफ. बाल्कनीला नायलॉनची जाळी, ९०० रुपये, हे आधीच करायला हवं होतं. शेडनेटचे हुक जाळीच्या आतून घेतले.

५ ऑक्टोबर

आतापर्यंतचा खर्च ७,२९०. यात सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट अडीचशे रुपयांचं टीडीएसचं पेन, त्याखालोखाल वातीच्या बादल्या. रोपं आणि बियांवर ११५० गेले, त्यातला मोठा भाग चुकीच्या महिन्यात.

ऑक्टोबरचं ऊन अजून कडक आहे, नेट महिनाअखेरपर्यंत ठेवणार. टोमॅटोची दोन रोपं गेल्या आठवड्यात मायक्रोफायबरच्या वातीच्या बादल्यांत लावली. कोथिंबिरीचे धणे रगडून, रात्रभर भिजवून कालच पेरले, टब अशा कोपऱ्यात, जिथे ऊन चारनंतरच येतं. मेथी आणि शेपू दिवाळीच्या आसपास. अंबाडीची दोन झाडं बियांसाठी राखली आहेत. बोंडं वाळली की बी काढून ठेवणार. कुणाला हवं असेल तर घेऊन जा, मार्चमध्ये पेरायचं.